ओळखीचा झालेला राक्षस

मंडळी, राक्षसांच्या कथांचे संग्रह वाचताना आमची नेहमी एक पंचाईत होते. पहिल्या कथेत घाबरायला होतं, आणि चौथ्या कथेपर्यंत त्या राक्षसाशी ओळख झालेली असते. ओळख झाल्यावर कसली भीती?

साध्या भूतकथेत हे खपून जातं. हडळ म्हटली की उलटे पाय, मुंजा म्हटला की पिंपळ. नियम ठाऊक असतात, त्यातच मजा असते. पण एच. पी. लव्हक्राफ्टची भीती वेगळ्या जातीची आहे. त्याचं म्हणणं असं की या विश्वात माणूस कुणाच्या खिजगणतीतच नाही. ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ ही कथा १९२८ साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आली. त्यातला क्थुल्हू कुणाचा सूड घ्यायला येत नाही, तो समुद्राखाली निजलेला आहे. आपल्याला दिसतो तोही अगदी शेवटी, तेही मेलेल्या एका खलाशाच्या रोजनिशीतून. सगळी भीती या अंतरात आहे.

आता ही कथा ज्या संग्रहात बसवली तो बघा. ‘टेल्स ऑफ द क्थुल्हू मिथॉस’, १९६९, संपादक ऑगस्ट डर्लेथ. डर्लेथचे उपकार मोठे आहेत, ते आधी सांगू. लव्हक्राफ्ट १९३७ साली गेला तेव्हा त्याच्या बहुतेक कथा मासिकांच्या जुन्या अंकांत पडून होत्या. त्या पुस्तकरूपात याव्यात म्हणून डर्लेथ आणि डोनाल्ड वाँड्री यांनी १९३९ साली ‘अर्कहॅम हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पण डर्लेथला नीटनेटकेपणाची भारी हौस. त्याने या देवदैत्यांच्या चांगले आणि वाईट अशा दोन फळ्या पाडल्या. मग महाभूतांची वाटणी केली: क्थुल्हूकडे पाणी, हास्तुरकडे वारा. अग्नीला कुणी सापडेना, तर क्थुघा नावाचा नवाच उभा केला. खातेवाटपच म्हणा ना!

यात बिघडलं काय? बिघडलं हे, की चांगली फळी आली आणि माणूस पुन्हा महत्त्वाचा झाला. त्याच्यासाठी वर कुणीतरी भांडतंय म्हणजे तो एकटा नाही. नारायण धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे फार ओळखीचं वाटेल. समर्थ आले की जीव भांड्यात पडायचा. धारपांच्या त्या कथांना तेच हवं होतं, तिथे ते शोभतं. लव्हक्राफ्टच्या जगात मात्र जीव भांड्यात पडता कामा नये.

पण संपादकाचं न ऐकणाऱ्या कथाही याच पुस्तकात आहेत. फ्रँक बेल्कनॅप लाँगची ‘द हाउंड्स ऑफ टिंडालोस’ घ्या. ते प्राणी फक्त कोनांतून येतात. म्हणून तो माणूस खोलीचे सगळे कोपरे प्लास्टरने भरून गोल करतो. मग भूकंप होतो आणि प्लास्टर पडतं. बस्स! ही कथा वाचली आणि घरी आम्ही कितीतरी दिवस भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत होतो, खोटं कशाला सांगा.

आणि रॉबर्ट ब्लॉक. हा पोरगा जेमतेम १८ वर्षांचा असताना, १९३५ साली, त्याची एक कथा छापून आली. तीत त्याने लव्हक्राफ्टसारख्या एका लेखकाला मारलं, आणि त्यासाठी खुद्द लव्हक्राफ्टकडून लेखी परवानगी घेतली! लव्हक्राफ्टने उलट ‘द हाँटर ऑफ द डार्क’ लिहून रॉबर्ट ब्लेक नावाच्या तरुणाला मारलं. इथपर्यंत दोस्तांची चेष्टा. तिसरी कथा ब्लॉकने लिहिली १९५० साली. तोवर मित्र जाऊन १३ वर्षं झाली होती आणि हिरोशिमा होऊन पाच. या तिन्ही कथा संग्रहात आहेत, त्या एका बैठकीत वाचा. तिसऱ्या कथेत ते अंधारातलं प्राचीन काहीतरी एका सभ्य डॉक्टरच्या अंगात शिरलेलं आहे. आणि तो डॉक्टर आता अणुबाँबच्या कामावर आहे.