दोन घरांचे दुःख

२०२० च्या महामारीने मराठीत जे लेखन आणले त्यात परदेशस्थ मराठी माणसाच्या लेखनाचा एक वेगळाच ढीग आहे. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका यांत तो विखुरलेला आहे. या साऱ्या लेखनाचा गाभा एकच: राहावे की परतावे? न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या घराची खिडकी, ओस पडलेला रस्ता, पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटी असलेली आई, बंद पडलेली विमाने आणि मध्ये अडकलेला लेखक. २२ मार्च २०२० नंतर भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि हा प्रश्न हजारो घरांत एकाच वेळी उभा राहिला. या अंकाचे वाचक या लेखनाकडे फारसे वळत नाहीत. 'हे त्यांचे रडगाणे' म्हणून आपण पान उलटतो. माझे म्हणणे असे की पान उलटू नये. हे लेखन नीट वाचावे, कारण त्यात जे लिहिलेले नाही ते आपल्याशी संबंधित आहे.

प्रश्न खोटा नाही. आईची चिता मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्या मुलाच्या दुःखाची टिंगल करावी इतका कोडगेपणा माझ्यात नाही. पण दुःखाला नमस्कार करून निघून जाणे हे समीक्षेचे काम नव्हे. ते दुःख कोणत्या जमिनीवर उभे आहे हे तिने पाहायचे असते. 'राहावे की परतावे' असे म्हणणाऱ्याजवळ दोन घरे असावी लागतात. एक सोडले तरी दुसरे दार उघडे आहे, तिथे आपल्याला कोणी 'तू कोण?' असे विचारणार नाही, हा विश्वास त्या प्रश्नाच्या पोटात असतो. या लेखकांना त्या विश्वासाची जाणीवही नाही. हवेची जाणीव होत नाही तशी.

आता त्या एकट्या आईकडे पाहू. ती एकटी का आहे? मुलगा परदेशात आहे म्हणून, असे लेख सांगतो. पण मुलगा वीस वर्षे परदेशातच होता. तेव्हा ती एकटी नव्हती. सकाळी धुणेभांडी करणारी बाई येत होती, दहा वाजता पोळ्या करणारी येत होती, दुखण्याखुपण्यात रात्री सोबतीला राहणारी कोणी होती. मार्च २०२० मध्ये सोसायटीच्या फाटकावर या बायका अडवल्या गेल्या आणि त्या दिवशी आई एकटी झाली. म्हणजे परदेशस्थ मुलाचे परदेशी असणे इतकी वर्षे ज्यांच्या हातांवर तोलले गेले होते, ते हात एका दिवसात काढून घेतले गेले. माझ्या वाचनातल्या या लेखांत त्या बायका एखाद्या वाक्यात येतात, 'मावशी येत नाहीत, आईचे हाल होतात' एवढ्यापुरत्या. फाटकाबाहेर गेल्यावर मावशीच्या घरात चूल पेटली का, हा प्रश्न त्या वाक्याला पडत नाही. त्या बायका कोणत्या वस्तीतून येतात आणि त्यांची आडनावे काय, हे इथे सांगण्याची गरज नाही.

पुढचा भाग आपल्या बाजूच्या लेखनाचा आहे आणि तिथेही मला तक्रार आहे. ७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' योजनेची पहिली विमाने अबुधाबी आणि दुबईहून केरळात उतरली. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून चालत गावाकडे निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले होते. दोन तारखा एकमेकींना लागून आल्या. रुळांवर पसरलेल्या भाकरींवर आपल्याकडे पुष्कळ कविता झाल्या आणि बहुतेकांत एकच मांडणी होती: त्यांना विमान, यांना रूळ. मांडणी जोरदार आहे, पण अर्धीच खरी आहे. त्या विमानांत बसलेला प्रत्येक जण न्यू जर्सीचा इंजिनियर नव्हता. आखातातून आलेल्या विमानांत काम गेलेले गवंडी, सुतार, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया, गरोदर परिचारिका होत्या. तिकीट फुकट नव्हते. सरकारने जाहीर केलेले भाडे दुबई-कोचीसाठी सुमारे पंधरा हजार, लंडनहून पन्नास हजार आणि अमेरिकेहून एक लाख रुपये होते. ज्याचा तीन महिन्यांचा पगार मालकाने दाबून ठेवला आहे त्याने पंधरा हजार कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्या कवितेत आला नाही. कारण विमान दिसले की आपली कविता ते शत्रूच्या खात्यावर टाकते. फाळणीची रेघ देश आणि परदेश यांच्यामध्ये नाही. ती विमानाच्या आतून गेली आहे.

ही रेघ सरकारनेच कागदावर ओढून ठेवली आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याने ठरावीक देशांत मजुरीला जाणाऱ्यासाठी परवानगीची अट घातली. पुढे ज्याचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का बसू लागला. हेतू त्याच्या संरक्षणाचा, असे सांगितले जाते आणि तो काही अंशी खराही आहे. पण जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने एक पाऊल पुढे टाकले: अशा लोकांचे पासपोर्ट नारिंगी रंगाचे करायचे ठरवले. बाकीच्यांचे निळे, यांचे नारिंगी. ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तो बेत मागे घ्यावा लागला. माझे वडील चौथीपुढे गेले नाहीत. त्यांनी कधी पासपोर्ट काढला असता तर तो कोणत्या जातीचा असता हे मला ठाऊक आहे. गळ्यातले मडके गेले तरी ओळखण्याची सोय करून ठेवण्याची या समाजाची हौस जात नाही.

असा शिक्का घेऊन गेलेल्या माणसाला २०२० मध्ये 'राहावे की परतावे' हा प्रश्न कोणत्या रूपात पडला? कफाला पद्धतीत त्याचे राहणे मालकाच्या नावाशी बांधलेले. दोहाच्या औद्योगिक भागाला मार्चमध्ये वेढा पडला; आत मजुरांच्या वसाहती होत्या. सिंगापूरने एप्रिलमध्ये परदेशी मजुरांची वसतिगृहे बंद केली. एका खोलीत दहा-बारा जण, आणि त्यांना सांगितले गेले की अंतर राखा. वर्षाअखेर तिथल्या सरकारनेच जाहीर केले की वसतिगृहांतल्या जवळपास निम्म्या कामगारांना लागण होऊन गेली होती. बाकीच्या शहरात ते प्रमाण नगण्य होते. परतायचे तर थकलेला पगार आणि नोकरीअखेरची रक्कम यांवर पाणी सोडायचे. राहायचे तर त्याच खोलीत. शिवाय गावी सावकार बसलेला, कारण जाण्यासाठी एजंटाला दिलेले पैसे त्याच्याकडूनच घेतलेले. याला 'निर्णय' म्हणणे ही भाषेची चैन आहे. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची दोन-तीन पिढ्यांची आखाती मजुरी आणि मुंबईच्या समुद्रात थांबलेल्या जहाजांवर, किनारा दिसत असूनही एप्रिल २०२० मध्ये उतरता न आलेले गोव्याचे खलाशी यांनाही मराठी पुरवणीत खिडकी मिळाली नाही.

आणि समजा, परतला. कुठे परतला? इथे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचावे लागते. १९१७ साली ते परतले तेव्हा साथ नव्हती, महायुद्ध होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून, बडोदे संस्थानाशी झालेल्या कराराप्रमाणे नोकरीला हजर व्हायला ते आले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पूर्णपणे पुसून टाकली होती, असे ते लिहितात; बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली, कारण पहिलाच प्रश्न होता, उतरायचे कुठे? पारशी नाव घेऊन एका पारशी उतारशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. हिंदू मित्राने अडचण सांगितली, ख्रिस्ती मित्रानेही सांगितली. मग सार्वजनिक बागेत काही तास बसून रात्रीच्या गाडीने मुंबई. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या देशात एक खोली मिळाली नाही. व्हिसा हा शब्द बाबासाहेबांनी उगाच वापरलेला नाही. परक्या देशात शिरायला तो लागतो हे सर्वांना माहीत आहे. स्वतःच्या देशात शिरायला ज्याला तो लागतो त्याची ही कैफियत आहे. 'मायदेशी परतलो' हे वाक्य मराठीत सहज लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही पाने एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

शंभर वर्षांनी काय फरक पडला? एप्रिल २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात, बाहेरून परतून विलगीकरणात ठेवलेल्या एका माणसाने दलित सरपंच बाईने रांधलेले जेवण नाकारले आणि त्याच्यावर अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. साथीने माणसाला घराबाहेर ठेवले, पण जात त्याच्याबरोबर शाळेच्या त्या खोलीत मुक्कामाला आली. फरक एवढाच की आता गुन्हा दाखल होतो. तो फरक मी लहान मानत नाही.

शिकलेल्या दलिताचे काय? अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस. नाहीतर देश सोडा. २२ जून २०२० च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने असे नवे व्हिसाधारक वर्षअखेरपर्यंत बाहेरच अडवले गेले, म्हणजे गेला तो गेला. ही धास्ती सवर्ण इंजिनियरालाही होती आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेले. पण त्याच महिन्याच्या ३० तारखेला कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला: दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वागवले, तो आरक्षणातून आयआयटीत आला हे सहकाऱ्यांना सांगितले, असा त्यात आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग खात्याने मागे घेतला. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. या अभियंत्याचे नाव दाव्यात नाही, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात लपवून खोली घेतो. पत्ता बदलला आहे, पगार डॉलरमध्ये आहे; पण ज्याच्या सहीवर व्हिसा टिकतो तोच वरिष्ठ आडनाव विचारत असेल तर साठ दिवसांची धास्ती दुप्पट होते. तिकडे राहा, तर टीममध्ये जात. इकडे या, तर खाजगी कंपनीत आरक्षण नाही आणि भाड्याच्या घरासाठी पुन्हा तेच आडनाव.

या सगळ्या ढिगात मला एकच लेख असा भेटला ज्याने प्रश्नच बदलला. तो मराठी नाही आणि पुरवणीतलाही नाही. सुजाता गिडला या आंध्रातल्या दलित ख्रिस्ती घरातल्या. नक्षलवादी नेते आणि तेलुगू कवी के. जी. सत्यमूर्ती हे त्यांचे मामा. त्या कुटुंबाची कहाणी 'अँट्स अमंग एलिफंट्स' (२०१७) या पुस्तकात आहे. अमेरिकेत बँकेतली संगणकाची नोकरी गेल्यावर त्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर झाल्या. २०२० च्या वसंतात त्यांना कोरोना झाला, त्या बऱ्या झाल्या आणि मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी लिहिले. मथळ्याचा आशय असा की आम्ही अत्यावश्यक नव्हे, आम्ही बळी द्यायचे लोक आहोत. तोवर त्या शहराच्या वाहतूक खात्यातले शंभराच्या घरात कामगार साथीत मेले होते. सुरुवातीला मुखपट्टी गणवेशात बसत नाही म्हणून ती लावायलाही मनाई होती. या लेखात भारतात परतण्याचा विचार नाही. खिडकी नाही, मोगरा नाही, आईच्या हातचे काही नाही. परतणे आहे ते कामावर: त्याच गाडीत, त्याच डब्यात.

काहींना हा लेख कोरडा वाटेल. मला वाटत नाही. स्मरणरंजनासाठी जे गाव लागते ते ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याच्या लेखनात ते कुठून येणार? गिडलांची सोबत गावाशी नाही. मेलेल्या सहकाऱ्यांशी आहे, ज्यांत काळे आहेत, लॅटिन अमेरिकेतून आलेले आहेत. 'देश' या शब्दाच्या जागी इथे कामगारांची पाळी येते. परदेशस्थ मराठी लेखक वर्षानुवर्षे तिथे राहूनही ज्या माणसांना ओळखत नाही, ती माणसे या लेखात नावागावासकट उभी आहेत असे नव्हे, पण त्यांचे मरण तिथे मोजले गेले आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गिडला इंग्रजीत लिहितात आणि त्यांचा वाचक तिकडचा आहे; दमामच्या वसाहतीतला गवंडी तो लेख वाचणार नाही. आणि आपण? दलित आत्मकथनाने गाव सोडण्याचे वर्णन अंगावर काटा येईल असे केले. परतण्याचे वर्णन आपल्याकडे फार थोडे आहे. गेला तो सुटला, असे आपण गृहीत धरले. २०२० मध्ये तो परतला तेव्हा गावाच्या वाटेवर काट्या टाकलेल्या होत्या, शाळेत चौदा दिवस बसवले होते, आणि त्यानंतरही तो कोणत्या घरात गेला ते आपण लिहून घेतले नाही.

माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांचे बाप आणि चुलते त्या वर्षी आखातात होते. त्यांनी तिकडून पाठवलेले बोललेले निरोप मुलांच्या जुन्या मोबाइलमध्ये अजून आहेत; एकाने मला ऐकवले. पगाराची चौकशी, विमानाची चौकशी, 'आईला सांगू नको', मागे कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज. मोबाइल बदलला की हे जाते. मराठीच्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार विभागात दरवर्षी असते. हे निरोप घरच्यांच्या संमतीने उतरवून घेण्याचे काम या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करता येईल.