‘फेरमोजणी’ : एका शब्दाची ओढाताण

नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्र विधानसभेत महायुतीस प्रचंड बहुमत लाभले. परंतु राजगुरुनगर ज्यात मोडते त्या खेड-आळंदी मतदारसंघात ठाकरे गटाच्या शिवसेनेचे बाबाजी काळे यांनी महायुतीच्या दिलीप मोहिते यांचा पराभव केला. असे निकाल पुढे करून मतदानयंत्रे निर्दोष ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. हा दाखला दुबळा होय. एका मतदारसंघाची मोजणी दुसरीची साक्ष देऊ शकत नाही. तथापि प्रतिपक्षाचा युक्तिवादही फारसा सबळ नाही, कारण त्याची सारी भिस्त ज्या ‘फेरमोजणी’ या शब्दावर आहे, त्याचा अर्थ वादाच्या ओघात सारखा पालटत राहतो.

कायद्यास अभिप्रेत असलेला अर्थ फार मर्यादित आहे. 1961 च्या निवडणूक संचालन नियमांतील 63 व्या नियमान्वये उमेदवाराने वा त्याच्या प्रतिनिधीने कारणे दर्शवून लेखी अर्ज करावयाचा व निर्णय अधिकाऱ्याने तो सकारण निकालात काढावयाचा. निकालपत्रकावर एकदा स्वाक्षरी झाली की ही वाट बंद होते. मग उरते ती 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावयाची निवडणूक याचिका.

त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीतील वायव्य मुंबईचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. 4 जून रोजी रवींद्र वायकर 48 मतांनी विजयी झाले. केवळ यंत्रांवरील मते पाहिली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निकाल फिरला तो टपाली मतांनी, म्हणजे कागदानेच! असे असता सार्वजनिक चर्चा मात्र मोजणी केंद्रातील एका भ्रमणध्वनीभोवती व यंत्र ‘उघडणाऱ्या’ सांकेतिक क्रमांकाभोवती घोटाळत राहिली. यंत्रास असा क्रमांक लागतच नाही, हा निर्णय अधिकाऱ्यांचा खुलासाही तीत विरून गेला. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिकांचा खरा विचारणीय प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिका फेटाळली.

माळशिरस मतदारसंघातील मारकडवाडीचे प्रकरण याहून निराळे. तेथे 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकांवर अभिरूप मतदान घेण्याचा ग्रामस्थांचा बेत होता. प्रशासनाच्या मनाईमुळे तो सोडावा लागला. यालाही कित्येकांनी फेरमोजणी म्हटले. वास्तविक ते फेरमतदान ठरले असते. आणि आज दिलेल्या मताने काल दिलेले मत सिद्ध होत नाही. पण ग्रामस्थांच्या शंकेची बोळवण एवढ्यावर करणे अन्यायाचे होईल. 26 एप्रिल 2024 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सर्व कागदी चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली, मात्र पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मुभा दिली. ती मुभा दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस आहे. मारकडवाडीकरांचे उमेदवार उत्तमराव जानकर हे तर निवडून आले होते. गावात त्यांना कमी मते का पडली, हे विचारण्यासाठी त्यांच्या मतदारांस या निर्णयात जागा नव्हती.