पडद्यावरचा जंजिरा

ऐतिहासिक नाट्यांत कल्पनेला वाव असावा, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो प्रमाणाचा. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका (२०१७–२०२०) घरोघरीं पाहिली गेली, व तिच्यांतील जंजिऱ्याच्या प्रसंगांमुळें कोंडाजी फर्जंदाचें नांव मुलांच्या तोंडीं आलें. हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

परंतु १६८२ सालची ती मोहीम एकट्या वीराच्या साहसावर उभी नव्हती. किल्ला भर पाण्यांत. म्हणून राजपुरीची खाडी दगडधोंड्यांनीं बुजवून वाट काढण्याचा अचाट उद्योग संभाजीराजांनीं आरंभिला. इतक्यांत मोंगल फौज कल्याण प्रांतीं उतरली. राजांना माघारी फिरावें लागलें, आणि मागें ठेवलेल्या महाडच्या दादाजी रघुनाथांनाही यश लाभलें नाहीं. सिद्द्यांचें संस्थान पुढें १९४८ पर्यंत टिकलें.

पडद्याला चेहरा हवा असतो. दगड वाहणारे मजूर, नावा वल्हविणारे कोळी, भरती-ओहोटीचें गणित, यांना चेहरा नाहीं. म्हणून तीं पार्श्वभूमींत विरतात. प्रेक्षकांच्या स्मरणांत मग हौतात्म्य तेवढें उरतें आणि मोहीम कां फसली हा प्रश्नच उरत नाहीं. आमच्या मतें अपयशाचीं कारणें झांकल्यानें पूर्वजांचा गौरव वाढत नाहीं; उलट त्यांच्या धाडसाचें मापच हरवतें.

मालिका पाहून मुरूडला येणाऱ्या कुटुंबांनीं किल्ल्याकडे जाणाऱ्या होडींत बसण्यापूर्वीं किनाऱ्यावर क्षणभर थांबावें, आणि मधलें पाणी डोळ्यांनीं मोजावें. तें बुजवायला माणसें निघालीं होतीं.