क्षमा कुणी मागितली?

कोवाड म्हटले की मराठी वाचकाला रणजित देसाई आठवतात. 'स्वामी'कारांचे ते गाव. गारगोटीहून दक्षिणेला आजरा ओलांडला की चंदगड तालुका लागतो, त्यात ते आहे. २३ डिसेंबर २०१८ च्या रविवारी तेथे एका घरात प्रार्थनेला जमलेल्या ख्रिस्ती माणसांवर तोंडे बांधलेला जमाव तलवारी, दगड आणि बाटल्या घेऊन चालून आला. माणसे रक्तबंबाळ झाली. वृत्तपत्रांत असेही आले, की बायांनी मिरचीपूड हल्लेखोरांवर उधळली आणि त्यांना पळ काढावा लागला.

या मिरचीपुडीचे काय करायचे, हे आमच्या समीक्षेला कळणार नाही. तिच्याजवळ ख्रिस्ती माणसाचा एकच साचा आहे: सोसणारा, हसणारा, क्षमा करणारा. हा साचा तिने 'स्मृतिचित्रे'वरून घेतला. लक्ष्मीबाई टिळकांचे पुस्तक थोर आहे, याबद्दल वाद नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांची ताटातूट त्यांनी कडवटपणाशिवाय सांगितली. त्यांच्याआधी बाबा पदमनजी बेळगावात, म्हणजे कोवाडच्या शेजारीच, १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि 'अरुणोदय'मध्ये आपली कहाणी लिहून गेले. पण टिळक चित्पावन, पदमनजी कासार. त्यांना दुरावले ते मुख्यतः त्यांचेच आप्त. आप्ताला क्षमा करणे म्हणजे तुटलेले नाते सांधणे. महारवाड्यातून, मांगवाड्यातून चर्चमध्ये गेलेल्या माणसाचे गावाशी सांधण्याजोगे नाते होतेच कुठे? त्याच्या क्षमेला लक्ष्मीबाईंचे माप लावणे हा अन्याय आहे, आणि तो आमच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे निर्धास्तपणे केला आहे.

बाबासाहेबांनी या दुखण्यावर फार पूर्वी बोट ठेवले होते. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यात ते म्हणतात, की माणसाच्या पतनाचे कारण त्याचे स्वतःचे पाप, ही शिकवण अस्पृश्याला घातक ठरली. त्याचे पतन त्याच्या पापाने झालेले नाही, भोवतालच्या अन्यायी व्यवस्थेने झाले आहे. ज्याला सतत स्वतःच्या पापाची क्षमा मागायला शिकवले, तो दुसऱ्याच्या पापाचा जाब कधी विचारणार?

यावर पाद्री म्हणतील, पेत्राने तलवार उपसली तेव्हा येशूनेच त्याला थांबवले. खरे आहे. पण त्याच रात्रीची पुढची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि ती पुढच्या बाकावर बसलेल्यांना सहसा ऐकू जात नाही. महायाजकासमोर एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. येशू दुसरा गाल पुढे करीत नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, नसेन तर मारतोस का, असे तो विचारतो. बांधलेल्या हातांनी विचारलेला हा जाब आहे. क्रूसावरची क्षमा त्याच्या नंतरची. दलित वाचकाने हा क्रम सोडू नये.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी तो सोडला नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, याचे देशाने कौतुक केले. २००५ साली पद्मश्रीही मिळाली. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका, हेही त्या सांगत होत्या, आणि ते कौतुक करणाऱ्यांना नको होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दारासिंगची जन्मठेप कायम केली. हेतू धर्मांतराबद्दल धडा शिकवण्याचा होता, असे वाक्य त्या निकालात होते. ते चार दिवसांनी काढून टाकावे लागले. बाईंनी क्षमा केली होती आणि निकालपत्र मात्र मारणाऱ्यांची मनःस्थिती समजून घेत होते!

आमच्या गारगोटीत १३ डिसेंबर १९४२ रोजी कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले. गोळ्या घालणाऱ्यांना गावाने क्षमा केली काय, असे कुणी विचारत नाही. विचारूही नये. मग कोवाडच्या बायांनाच हा प्रश्न का? दलित ख्रिश्चनाची गोष्ट तर आणखी वेगळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेला, म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्याच्या दारापर्यंत येत नाही. शीख १९५६ साली यादीत आले, बौद्ध १९९० साली, हा बाहेरच. गावाने जात विसरली नाही, कायद्याने तेवढी विसरली. ज्याची फिर्याद त्या कायद्यात बसत नाही, त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा करणे म्हणजे रिकाम्या खिशातून दान मागणे.

त्या बायांपैकी कुणी पुढे क्षमा केलीही असेल. श्रद्धेचा तो त्यांचा हक्क आहे आणि नास्तिक टीकाकाराने त्यावर नाक मुरडू नये. पण मराठी कथेत ती बाई येईल तेव्हा तिच्या एका हातात शुभवर्तमान असावे आणि दुसऱ्या हाताची मिरचीची आग लेखकाने सभ्यतेपोटी धुऊन टाकू नये. सोमवारी ती चौकीवर गेली असेल, तर तिथे तिला काय विचारले गेले, तेही यावे.