दीर्घकालीन वेदना आणि चिकित्सकांची शाखानिष्ठा
आचऱ्यातील गुडघेदुखीच्या रुग्णावरील उपचार बहुधा दुखण्यावरून नव्हे, तर तो प्रथम कोणाकडे गेला यावरून ठरतो. अस्थिशल्यचिकित्सक दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवितो, वैद्य जानुबस्ती. झिजलेल्या गुडघ्यावरील ही शस्त्रक्रिया केवळ त्वचेला छेद देण्याच्या दिखाऊ शस्त्रक्रियेहून सरस नाही, असे ह्यूस्टन येथील १८० रुग्णांच्या चाचणीतून २००२ मध्ये दिसले. तरीही ती पुढे अनेक वर्षे सर्रास होत राहिली. (हीच कसोटी जानुबस्तीलाही लावावयास हवी.) महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीने होमिओपॅथांना वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला. रुग्णसुरक्षेचा मुद्दा रास्तच होता. परंतु वाद मुख्यतः अधिकार कोणाचा याभोवती फिरला. जुनाट वेदना प्रत्यक्षात कशाने शमते, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी बाजूलाच ठेवला.