सॅम्प्रस हरला, की बास्टल जिंकला?

मागच्या वेळी बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो होतो की कोणतीही कलाकृती पुरी होते ती पाहणाऱ्याच्या डोक्यात. त्यावर काही जणांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, हे दरवेळी कवितेच्या नाहीतर नाटकाच्या उदाहरणावर सिद्ध करता. जिथे लेखकच नाही, शेवट कुणी लिहूनच ठेवलेला नाही, अशा ठिकाणी दाखवा. तर आज टेनिस घेऊन आलोय. टेनिसची आवड नसलेल्यांनी पहिली दहा मिनिटं सहन करावीत, मग कदाचित सोपं जाईल.

माझ्यासमोर दोन विम्बल्डन आहेत. २००१चं आणि २००२चं, दोन्ही पुरुष एकेरीची. तेच मैदान, तोच महिना, मध्ये एक वर्ष. दोन्ही वर्षी मोठमोठे खेळाडू धडाधड पडले आणि दोन्ही वर्षी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला माणूस फायनलला पोचला. पण २००१चं नाव काढलं की टेनिसप्रेमींचे डोळे चमकतात. २००२चं नाव काढलं की म्हणतात, 'हां, ते. ते काही खास नव्हतं.' असं का, हा आजचा प्रश्न.

आधी २००१. गोरान इव्हानिसेविच. क्रोएशियाचा, डावखुरा, सर्व्हिस म्हणजे तोफ. १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन फायनल हरलेला. एकदा आगासीकडून, दोनदा सॅम्प्रसकडून. २००१ला त्याचं रँकिंग घसरून १२५वर आलं होतं. थेट प्रवेश मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड दिलं. दिलं ते त्याच्या त्या वेळच्या खेळाकडे बघून नव्हे, जुन्या पराभवांची आठवण ठेवून. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मग त्यानं मोया, रॉडिक, रुसेडस्की, साफिन असे एकेक काढले. सेमीफायनलला टिम हेन्मन. १९३६च्या फ्रेड पेरीनंतर इंग्रजांना घरचा पुरुष विजेता मिळाला नव्हता, त्यामुळे अख्खं सेंटर कोर्ट हेन्मनचं. शुक्रवारी हेन्मननं तिसरा सेट ६-० असा घेतला, चौथ्यातही तो पुढे होता आणि पाऊस आला. शनिवारी थोडा खेळ, पुन्हा पाऊस. मॅच रविवारी संपली आणि इव्हानिसेविच जिंकला. फायनल सोमवारवर गेली. आणि त्या सोमवारनं जे केलं ते कुणी ठरवून करू शकलं नसतं. तिकिटं थेट रांगेतल्या लोकांना विकली गेली. एरवी जिथे वर्षभर आधी नंबर लावून लोक शिस्तीत टाळ्या वाजवतात, तिथे रात्रभर रांगेत उभे राहिलेले ऑस्ट्रेलियन आणि क्रोएशियन, झेंडे घेऊन, चेहरे रंगवून, फुटबॉलच्या मॅचसारखे ओरडत होते. समोर पॅट राफ्टर, आदल्याच वर्षी फायनल हरलेला, तोही सगळ्यांचा लाडका. ६-३, ३-६, ६-३, २-६, ९-७. शेवटच्या गेममध्ये मॅच पॉइंटवर इव्हानिसेविचनं डबल फॉल्ट केला. पुढच्या मॅच पॉइंटवर पुन्हा डबल फॉल्ट. तिसरा राफ्टरनं वाचवला. चौथ्यावर राफ्टरचा रिटर्न जाळ्यात गेला. वाइल्ड कार्डवर आलेला माणूस पहिल्यांदाच विम्बल्डन जिंकला.

ही गोष्ट मी आत्ता सांगतोय तेव्हाही तुमच्यातले दोघं-तिघं पुढे सरकून बसलेत. (हशा) बरोबरच आहे. पण हिला आपण 'अनपेक्षित' म्हणतो, ते कितपत खरं? तीनदा दारातून परत गेलेला माणूस, शेवटची संधी, मध्ये पाऊस, हातातोंडाशी आलेला घास सांडायची वेळ, आणि मग प्राप्ती. आजीच्या गोष्टीतला राजपुत्रही तीनदा चुकतो आणि चौथ्यांदा जमवतो. आकड्यांच्या हिशेबानं तो निकाल अनपेक्षित होता. गोष्टीच्या हिशेबानं त्याच्याइतका अपेक्षित निकाल दुसरा नव्हता. आपण नऊ वर्षं त्याची वाटच बघत होतो, आपल्याला ते माहीत नव्हतं एवढंच.

आता २००२. २६ जून, बुधवार. एका दिवसात मरात साफिन, आंद्रे आगासी आणि पीट सॅम्प्रस तिघेही गेले. साफिनला दुसरं मानांकन, आगासीला तिसरं, सॅम्प्रसला सहावं. साफिनला बेल्जियमच्या ऑलिव्हिए रोकूसनं हरवलं, आगासीला थायलंडच्या पॅराडॉर्न श्रीचाफननं. आणि सात वेळच्या विजेत्या सॅम्प्रसला, सेंटर कोर्टवर नाही तर दोन नंबरच्या कोर्टवर, जॉर्ज बास्टलनं.

कोण जॉर्ज बास्टल? तेव्हाही हाच प्रश्न होता. स्वित्झर्लंडचा, रँकिंग १४५. तो तर पात्रता फेरीतच हरला होता. मुख्य ड्रॉमधली एक जागा रिकामी झाली म्हणून आत आलेला, टेनिसच्या भाषेत 'लकी लूझर'. आता वाइल्ड कार्ड आठवा. इव्हानिसेविचला सन्मानानं मागच्या दारानं आत घेतलं, कारण त्याच्यामागे इतिहास होता. बास्टल त्याच दारानं आला, पण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं पहिले दोन सेट घेतले, सॅम्प्रसनं पुढचे दोन घेऊन बरोबरी केली. इथे जगातला कुणीही म्हणाला असता की संपलं, आता मोठा माणूस जागा झाला. आणि पाचवा सेट बास्टलनं ६-४ असा घेतला.

खरं सांगतो. त्या वर्षी एका इंग्रजी वर्तमानपत्रात आलेला ड्रॉ कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज रात्री पेन्सिलनं नावं पुढे सरकवायचो. त्या बुधवारी सॅम्प्रसच्या नावावर काट मारली आणि पुढच्या रकान्यात बास्टल लिहायचंही मला सुचलं नाही. त्यानंतर मी तो ड्रॉ भरलाच नाही. फायनलही पाहिली नाही. ज्याला 'मी टेनिस बघतो' म्हणून मिरवायची सवय होती त्यानं हे केलं. आणि मी एकटा नव्हतो, ओळखीतल्या किती तरी जणांनी त्या दिवसापासून 'या वर्षी काही दम नाही' म्हणायला सुरुवात केली.

आपल्या वृत्तपत्रांची भाषा बघा. 'सॅम्प्रसला पराभवाचा धक्का', 'दिग्गज गारद', 'आव्हान संपुष्टात'. वाक्याचा कर्ता कोण? हरणारा. धक्का बसतो तो मोठ्याला, आव्हान संपतं ते मोठ्याचं. जिंकणाऱ्याचं नाव येतं ते 'कडून' लागून, विभक्तीच्या कोपऱ्यात. 'बास्टलकडून'. 'सनसनाटी विजय' असा शब्द आहे आपल्याकडे, पण त्यातही सनसनाटी आपल्याला वाटते. जिंकणाऱ्याला त्या दिवशी काय वाटलं याचा त्या शब्दात मागमूस नाही.

हा व्याकरणाचा नाइलाज असता तर मी तक्रार केली नसती. पण तो नाइलाज नाही. १९९५ला दिल्लीत डेव्हिस कपला हाच इव्हानिसेविच गवताच्या कोर्टवर दोन सेट पुढे असताना लिअँडर पेसनं त्याला पाच सेटमध्ये हरवलं. १९९८ला अमेरिकेत न्यू हेवनला पेसनं सॅम्प्रसला ६-३, ६-४ असं सरळ दोन सेटमध्ये काढलं. तेव्हा आपण 'सॅम्प्रस हरला' म्हणालो का? नाही. 'पेस जिंकला' म्हणालो. म्हणजे जिंकणाऱ्याला कर्ता करणं आपल्याला उत्तम जमतं. फक्त तो आपला असावा लागतो, किंवा इव्हानिसेविचसारखा आपला करून घेतलेला.

आता कुणी म्हणेल, २००२चा खेळच कंटाळवाणा होता, त्याला प्रेक्षक काय करणार? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. क्वार्टर फायनलच्या आठ जणांत पहिल्या सोळा मानांकितांपैकी दोघंच उरले होते, लेटन ह्युइट आणि हेन्मन. फायनलला ह्युइटसमोर आला अर्जेंटिनाचा डेव्हिड नालबंदियन, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत पहिल्यांदाच खेळणारा, अठ्ठाविसावा मानांकित. ह्युइटनं ६-१, ६-३, ६-२ अशी एकतर्फी जिंकली. मध्ये पाऊस आला, तेव्हा एक इसम कपडे काढून कोर्टभर धावला, आणि बऱ्याच जणांना त्या फायनलमधलं तेवढंच आठवतं. (हशा)

मी ती फायनल पुष्कळ वर्षांनी पाहिली. एकतर्फी आहे, वादच नाही. पण कंटाळवाणी म्हणण्याचं कारण वेगळं आहे असं मला वाटायला लागलंय. २००१पासून विम्बल्डननं गवत बदललं होतं. आधीच्या मिश्रणाऐवजी सगळं राय गवत, त्यानं जमीन घट्ट राहते आणि चेंडू जरा वर उसळतो. पहिल्या वर्षी ते फारसं जाणवलं नाही, कारण राफ्टर आणि इव्हानिसेविच दोघेही सर्व्हिस करून नेटकडे धावणारे, जुन्या घराण्यातले. २००२ला ह्युइट आणि नालबंदियन दोघेही बेसलाइनवर उभे राहून खेळले. विम्बल्डनच्या फायनलला हे दृश्य लोकांना नवीन होतं. प्रेक्षक वृत्तबद्ध कवितेची सवय घेऊन आला होता आणि समोर मुक्तछंद चालला होता. यमक कुठाय म्हणून तो शोधत बसला. पुढची वीस वर्षं त्या कोर्टवर जे टेनिस झालं ते बहुतांशी याच जातीचं. आपण त्याची सुरुवात पाहिली आणि तिला 'दम नाही' म्हणालो.

बरं, सुरुवात ओळखण्याबद्दल तरी आपण फार बोलू नये. २००१लाच चौथ्या फेरीत एकोणीस वर्षांच्या रॉजर फेडररनं सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरवलं होतं. आज ती मॅच 'युगांतर' वगैरे म्हणून दाखवतात. पण पुढच्याच फेरीत फेडरर हेन्मनकडून हरला. आणि २००२ला तर पहिल्याच फेरीत, पात्रता फेरीतून आलेल्या मारियो अँचिचकडून, सरळ तीन सेटमध्ये. त्या जूनमध्ये कुणी युगांतराचं नाव काढलं असतं तर लोक हसले असते. २००३ला फेडरर जिंकला आणि मग मागे जाऊन २००१च्या मॅचला अर्थ चिकटवला गेला. अँचिचच्या विजयाला चिकटवायला अर्थच शिल्लक राहिला नाही. गोष्टीत न बसणारं पान आपण सरळ फाडून टाकतो.

पुढे काय झालं ते ऐका. बास्टल पुढच्याच फेरीत हरला. त्या सामन्याचं जे चित्र जगभर फिरलं ते सामना संपल्यावर खुर्चीत खाली बघत बसलेल्या सॅम्प्रसचं. बाजू बदलताना तो बायकोनं धीर द्यायला लिहिलेलं पत्र वाचत होता, तीही हकिकत सगळ्यांना पाठ. आणि अडीच महिन्यांनी, सतरावं मानांकन मिळालेला हाच सॅम्प्रस फायनलला आगासीला हरवून यूएस ओपन जिंकला. २००० च्या विम्बल्डननंतरचं त्याचं पहिलं विजेतेपद, आणि तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना ठरला. केवढी सुंदर गोष्ट! आणि त्या क्षणी दोन नंबरच्या कोर्टवरचा तो बुधवार काय झाला? नायकाच्या वाटेवरचा खड्डा. शेवट गोड व्हावा म्हणून मधे लागणारा अंधार. म्हणजे बास्टलचा विजय पहिल्यांदा सॅम्प्रसचा पराभव झाला, आणि नंतर सॅम्प्रसच्या विजयाची तयारी.

ही तक्रार मी लोकांविरुद्ध करत नाहीये. कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद माझाच होता. अलीकडे मी त्या मॅचचं जेवढं चित्रण मिळालं तेवढं पाहिलं, आणि मुद्दाम नजर फक्त बास्टलवर ठेवायची असं ठरवून बसलो. फार अवघड जातं हो. दर दोन पॉइंटला डोळे आपोआप दुसऱ्या बाजूला जातात, सॅम्प्रसचा चेहरा शोधतात, तो आता काय करेल हे बघतात. तिसऱ्या प्रयत्नात थोडं जमलं. दोन सेट पुढे असताना बरोबरी झालेली, समोर सात वेळचा विजेता. आपण कोण आहोत हे गॅलरीत बसलेल्या कुणालाही माहीत नाही, आणि सर्व्हिस करायची आहे. त्या माणसाचे हात स्थिर दिसतात.

आता प्रश्न घेऊ या.