दक्षिण ऑस्ट्रेलियातील वीजखंड आणि पवनऊर्जा : एका चौकशी अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना :
28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया या संपूर्ण राज्याचा वीजपुरवठा खंडित झाला. सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. त्या वेळी राज्यातील मागणीच्या जवळपास निम्मी वीज पवनचक्क्यांमधून येत होती. साहजिकच पवनऊर्जेमुळे ग्रीड कोलमडते, असा निष्कर्ष राजकीय वर्तुळात तत्काळ काढला गेला. ऑस्ट्रेलियन एनर्जी मार्केट ऑपरेटर या संस्थेचा मार्च 2017 मधील अंतिम अहवाल या निष्कर्षास कितपत आधार देतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

अहवालातील घटनाक्रम :
वादळात 275 किलोव्होल्ट पारेषण वाहिन्यांचे मनोरे कोसळले. दोन मिनिटांत ग्रीडवरील व्होल्टेज सहा वेळा खाली आले. त्यानंतर नऊ पवनऊर्जा प्रकल्पांचे उत्पादन सात सेकंदांहून कमी अवधीत 456 मेगावॅटने घटले. ही तूट व्हिक्टोरिया राज्याशी जोडणाऱ्या हेवूड वाहिनीवर आली व ती अतिभारामुळे ट्रिप झाली. एकाकी पडलेल्या ग्रीडची वारंवारता इतक्या वेगाने घसरली की, स्वयंचलित भारकपातीलाही अवधी उरला नाही.

चिकित्सा :
वाऱ्याची अनियमितता हे या घटनेचे महत्त्वाचे कारण नव्हते, असे अहवाल स्पष्टपणे सांगतो. हे त्याचे मोठे श्रेय होय. पवनचक्क्या व्होल्टेजचे पहिले धक्के सोसून ग्रीडशी जोडलेल्या राहिल्या होत्या. मात्र अल्पावधीत किती धक्के सोसावयाचे, याची मर्यादा त्यांच्या नियंत्रणप्रणालीत आधीच निश्चित केलेली होती. ती ओलांडताच यंत्रांनी स्वतःचे रक्षण केले आणि ग्रीडचा आधार गेला.

ही मर्यादा ऑपरेटरला ज्ञात नव्हती, असेही अहवाल नमूद करतो. येथे त्याची भाषा अपुरी वाटते. 'ज्ञात नव्हती' हे केवळ तांत्रिक विधान नव्हे. जोडणी देताना ती माहिती कोणी मागावयाची व कोणी द्यावयाची, हा उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. हा प्रश्न पुढे 2019 मध्ये, ऊर्जा नियामकाने चार पवनऊर्जा कंपन्यांविरुद्ध दावे दाखल केल्यावर, न्यायालयात पोहोचला. घटनेनंतर बहुतेक बाधित प्रकल्पांची ही मर्यादा बदलण्यात आली. त्यासाठी पवनचक्क्या बदलाव्या लागल्या नाहीत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

धक्का सोसणे ही पहिली पायरी. धक्क्याच्या वेळी ग्रीडला आधार देणे ही दुसरी. कॅनडातील हायड्रो-क्यूबेकने पवनप्रकल्पांकडून जडत्वासारख्या प्रतिसादाची अपेक्षा नियमांतच नोंदवली आहे. फिरत्या पात्यांतील ऊर्जा काही सेकंद ग्रीडला देता येते. परंतु ती उसनी ऊर्जा असते. पात्यांची गती पूर्ववत करताना ती परत घ्यावी लागते. म्हणूनच दक्षिण ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सरही कार्यान्वित करावे लागले.

निष्कर्ष :
पवनऊर्जा ग्रीडची शत्रू आहे की मित्र, हे वाऱ्यावर नव्हे, तर जोडणीच्या अटींवर व त्यांच्या पडताळणीवर ठरते. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 च्या दुरुस्तीद्वारे व्होल्टेज घसरले तरी जोडलेले राहण्याची अट नव्या पवनचक्क्यांना घातली. साताऱ्यातील वणकुसवडे पठारावरील अनेक पवनचक्क्या मात्र त्याआधीच्या आहेत. नियम कागदावर असणे आणि यंत्रातील मर्यादा ग्रीड सांभाळणाऱ्यास ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत अहवालाचे खरे मोल हा भेद उघड करण्यात आहे.